आईचा गुलाब आणि काळे ठिपके

जुलैतली एक शनिवार सकाळ. हातात चहा, समोर गच्चीतल्या कुंड्या, आणि नऊच्या नऊ गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके! पुण्यात त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, तशी पानंही वाळत नाहीत. खरी गोम तीच होती.

ह्या रोगाला ब्लॅक स्पॉट म्हणतात. डिप्लोकार्पन रोझी नावाची बुरशी. झालरीसारख्या कडांचा काळा ठिपका, भोवती पिवळेपणा, मग पान गळतं. बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर उडतात आणि पान सलग सातेक तास ओलं राहिलं की आत शिरतात. घरात आणला कोणी? अर्थात मीच. जूनमध्ये नर्सरीतून घेतलेल्या कलमाच्या खालच्या पानांवर दोन ठिपके दिसले होते. म्हटलं, असू दे.

आठ गेले असते तरी चाललं असतं, पुन्हा विकत मिळतात. नववा आईचा गावठी गुलाब. नाशिकच्या अंगणातल्या झाडाची फांदी. ते घर २०१६ साली विकलं, आता तिथे बिल्डिंग आहे.

आणि पावसाने उघडीप दिली की आई संध्याकाळी पाइपने सगळ्यांना वरून आंघोळ घालते. म्हणजे पानं रात्रभर ओली. बॉसच्या कोडमध्ये बग सापडावा तसं झालं! दोन दिवस मी गप्पच.

तोवर ठिपक्यांची पानं खुडली, गळलेली वेचली (कंपोस्टात नाही, थेट कचऱ्यात), कुंड्या लांब लांब ठेवल्या. आईच्या गुलाबावर अकरा पानं उरली. मामांची द्राक्षबाग आहे, त्यांनी फोनवर बोर्डो मिश्रण सांगितलं. लिटरला दहा ग्रॅम मोरचूद, दहा ग्रॅम चुना, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी सुरी बुडवायची, तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. अर्थात फवारणीने जुनी पानं बरी होत नाहीत, फक्त नवी वाचतात.

शेवटी म्हटलं, "आई, पाणी सकाळी आणि बुडाशी घालशील का?"

"म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"नाही गं, ते कलम मी आणलं."

ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या घेऊन गच्चीत.

परवा तांबूस पालवी फुटली. खालच्या एका पानावर पुन्हा ठिपका होता. मी वाकायच्या आत आईने ते खुडून पिशवीत टाकलं.