शेजारी बसून शिवून घेतलेली गोधडी

आमच्या घरात पाहुण्यांना सोलापुरी चादर आणि घरच्यांना गोधडी, अशी सरळ वाटणी होती. पाहुणा चार दिवसांच्या वर राहिला की त्यालाही गोधडी मिळायची, आणि मिळाली की तो घरचा झाला असं समजायचं. गोधड्यांना नावं होती. आजोबांची जाड, आत्याची इरकली, बाळंतिणीची मऊ, आणि एक ‘सगळ्यांची’. त्या एकीत आम्ही सगळी चुलत-आत्ते भावंडं आडवी झोपायचो आणि कडेचं पोर पहाटेपर्यंत हमखास उघडं पडायचं.

गोधडी विकत आणायची नसते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ती घरातच जमत जायची. लुगडं आधी अंगावर विरायचं. मधे विरलं की तेवढा भाग काढून दंड घालायचा आणि ते घरात नेसायला व्हायचं. तेही संपलं की जुनेर. जुनेरातून आधी बाळाची दुपटी निघायची, मग उरलेलं माळ्यावरच्या गाठोड्यात. तिथंच आजोबांची धोतरं, मांजरपाटाचे पायजमे, परकराचे घेर, गिरणीतल्या काकांनी मुंबईहून आणलेले कापडाचे तुकडे. टेरिकॉटचा सदरा आला तर आजी तो हातात चोळून बाजूला ठेवायची. ‘हे घाम पीत नाही,’ एवढंच म्हणायची. गिरण्यांचा १९८२ चा संप झाला आणि काकांचे तुकडे यायचे थांबले, तेव्हा त्या गाठोड्यात पहिल्यांदा चकचकीत साड्या शिरल्या. आजीने त्या कधी आतल्या थरात घेतल्या नाहीत. सुती कापडावर त्या सरकतात आणि टाका धरत नाहीत, हे तिला बोटांनी कळायचं.

उन्हाळ्याच्या दुपारी ओटीवर गोधडी घातली जायची. एका ९ वारी लुगड्याचे पावणेसात फुटांचे ४ पट्टे होतात, हा हिशेब घरातल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ. खाली चांगल्यातलं लुगडं, त्यावर धोतरं, त्यावर तुकडे, विरलेल्या जागी ठिगळ, आणि वरून पुन्हा लुगडं. चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, पाट आणि पितळी डबा ठेवायचा. तळहाताने सुरकुत्या बाहेर काढत न्यायच्या, कच्चे टाके मारायचे, आणि मग काठापासून आत, चौकटीत चौकट, धावदोरा. बोटभर अंतर, त्याहून जास्त नाही. आम्हा पोरांकडे सुया ओवायचं काम. प्रत्येकीचा टाका वेगळा पडायचा. मोठ्या काकूचा तांदळाएवढा, आत्याचा लांब आणि घाईचा, आईचा मधेच तिरपा. गोधडीवर बोट फिरवून आम्ही अंधारातसुद्धा सांगायचो की इथे काकू बसली होती आणि इथून आत्या.

सगळंच घरी शिवलं जायचं असं नाही. घरात बाळंतपण असलं, लग्नकार्य असलं, की गल्लीत फिरून गोधड्या शिवणाऱ्या बाया यायच्या. हाताचा ठरलेला दर, दुपारची भाकरी, दोनदा चहा, आणि काम आवडलं तर एखादं धडसं लुगडं. त्या आमच्याच ओटीवर बसून शिवायच्या आणि आजी शेजारी शेंगा फोडत बसायची. दुसऱ्या ओळीलाच म्हणायची, ‘बाई, टाका लांब पडतोय गं.’ बाई हसून म्हणायची, ‘आखूड घेते, आक्का.’ कधी बाईच आजीला ऐकवायची, ‘हे लुगडं वर नका घालू, हे पहिल्या धुण्यात जाईल. आत टाका.’ आणि आजी ऐकायची. नाराजी व्हायची, पण ती ओळीगणिक व्हायची आणि ओळीगणिक निस्तरायची. संध्याकाळी गोधडी उचलली जायची तेव्हा कुणाच्या पोटात काही राहिलेलं नसायचं.

हे सगळं इतक्या तपशिलात आठवलं, कारण अलीकडे आमच्या पिढीने आजीच्या गाठोड्यातली शेवटची कापडं बाहेर काढली. आत्या गेली, तिच्या ट्रंकेत तिने जपलेले काठ आणि पदर सापडले. भावंडं आता कुणी पुण्यात, कुणी नाशकात, एक धाकटी कॅनडात. दिवाळीत सगळी जमली तेव्हा आम्ही तुकडे मांडले, भांडलो, पुन्हा मांडले. मधोमध आजीच्या लुगड्याचा रुईफुलाचा काठ, भोवती आईच्या साड्या, कोपऱ्यांना आजोबांच्या धोतराचे काठ. तुकडे एकमेकांना हातानेच जोडले. पण सगळे थर घेऊन जमिनीवर बसायला आता कुणाचे गुडघे तयार नाहीत. म्हणून गोधडीचा वरचा पदर आणि आतली जुनेरं एका शिवणाऱ्या ताईंकडे दिली. त्यांचं काम मशीनवरचं, हात सफाईचा, नाव चांगलं.

गोधडी आली आणि थोरल्या ताईने ती पलंगावर पसरली. कुणी काही बोललं नाही. सगळीकडे मोठाली फुलं आणि वेलबुट्टी, चमकणाऱ्या पांढऱ्या दोऱ्याची. एक पाकळी बरोबर आजीच्या काठावरून गेलेली, रुईफुलांची ओळ मधेच कापत. एका कोपऱ्यात वरचा थर पुढे सरकून चुणी पडलेली आणि चुणीवरूनच टाके गेलेले. टाका कुठे चुकलेला नव्हता, तरी हात फिरवला तर आमच्यापैकी कुणीच त्यात सापडत नव्हतं. धाकटी व्हिडिओ कॉलवरून विचारत राहिली, ‘दाखवा ना नीट,’ आणि वहिनी फोन लांब धरून उभ्या.

पुढचे काही दिवस फोन सुरू होते. एकीचं म्हणणं, सगळं उसवा. दुसरीचं, पैसे परत मागा. वहिनींनी मात्र गोधडी घडी करून कपाटात ठेवू दिली नाही. घरातली रीतच तशी. बिघडलेली वस्तू डोळ्यांसमोर ठेवायची, म्हणजे तिचं काय करायचं ते सुचतं. मग त्या आणि ताई गोधडी घेऊन त्या बाईंकडे गेल्या. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेल्या. ‘ताई, तुमच्या कामात खोट नाही, पण आमची आजी या फुलांखाली गेली,’ असं वहिनी म्हणाल्या. बाईंनी काठावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘काकू, कापड विरलंय हो. मशीनचे टाके जवळजवळ मारले असते तर भोकांच्या रेघेवर फाटलं असतं. म्हणून मोकळी नक्षी घेतली. काठावरून नको हे बोलला असता तर वळवली असती.’

हे खरं होतं. मशीनचा टाका वरून एक आणि खालून एक अशा दोन दोऱ्यांचा, एकमेकांत अडकून आवळलेला. हातचा धावदोरा एकच, ढिला, कापडाबरोबर हलणारा. पन्नास वर्षं धुतलेलं लुगडं धावदोरा सोसतं, कारण ओढ बसली तर दोरा थोडा सरकतो. मशीनखाली जाड थर गेले की खालचा पदर दात ओढून नेतात आणि वरचा मागे रेंगाळतो, तिथून चुणी. बाईंना हे ठाऊक होतं आणि आमच्या आजीला ठाऊक होतं. त्या दोघी कधी एका ओटीवर बसल्या नाहीत, एवढंच.

मजुरी पूर्ण दिली. श्रम झालेले होते, आणि श्रमाचे पैसे अडवायची आमच्यात पद्धत नाही. बाईंनी चुणीचा कोपरा स्वतः उसवून दिला आणि उसवायचं कसं तेही दाखवलं. दोरा ओढायचा नाही. दर चौथा-पाचवा टाका कापायचा, उलट्या बाजूचा दोरा आपोआप मोकळा होतो. जिथे कापड जाळीसारखं झालंय तिथे हात लावायचा नाही. उसवलेल्या जागी भोकं दिसतात, पण सुती कापड कोमट पाण्यात भिजलं की धागे पुष्कळसे जागेवर येतात.

लहानपणी दसरा काढताना गोधड्या नदीवर जायच्या. ओली गोधडी दोघांनी दोन टोकांना धरून पिळायची, आणि पिळताना पाय घसरला तर दोघंही पाण्यात. ही नवी गोधडी मात्र वहिनींनी बादलीत, साध्या पाण्यात, न पिळता धुतली आणि सावलीत वाळवली. पहिल्या धुण्यात त्या दोऱ्याची चमक थोडी उतरली. दुसऱ्या धुण्यानंतर फुलं कापडात बसली. मोठ्या भावाला तर ती आता आवडू लागली आहेत आणि तो ते उघड म्हणतो. ताई अजून म्हणत नाही.

काठावरची पाकळी तेवढी उसवून झाली आहे. तिथे आता हाताने धावदोरा घालायचा, रुईफुलांच्या दोन्ही बाजूंनी, बोटभर अंतरावर. पलंगावर बसून, मांडीवर घेऊन, एकेकीने एकेक हात. मे महिन्यात धाकटी येईल तेव्हा तिच्यासाठी एक बाजू राखून ठेवली आहे. पुतण्या सुया ओवायला तयार आहे. त्या शिवणाऱ्या ताईंनाही बोलावलंय, चहाला आणि टाका बघायला. येते म्हणाल्या आहेत, फक्त रविवार हवा.