अपेंड गेला, निरोप ठेवून

सोसायटीची बिलं काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला 'नाही' म्हणता येत नाही. पायथॉनची 'पँडाज' ही लायब्ररी घेऊन प्रोग्रॅम लिहिला आणि हिच्यासमोर मिरवलादेखील! नवा कॉम्प्युटर आला आणि एक तारखेला प्रोग्रॅमनं सांगितलं, 'अपेंड' नावाचं इथं कुणी नाही. दारात तळमजल्याचे काका बिलासाठी उभे.

चौकशी केली. अपेंड एप्रिल २०२३ मध्ये, २.० आवृत्तीत, काढून टाकलेला. न सांगता गेला म्हणावं, तर जानेवारी २०२२ च्या १.४ आवृत्तीपासून पडद्यावर निरोप येतच होता. तो डोळ्यांत खुपतो म्हणून मीच एक ओळ लिहून त्याचं तोंड बंद केलेलं!

मग मुलीनं 'ग्रिफ' दाखवलं. दोन आवृत्त्या शेजारी मांडून ते सांगतं, कुठलं फंक्शन गेलं, कुठला पॅरामीटर गळला, कुणाची डिफॉल्ट किंमत बदलली. रुखवताची यादी तपासणाऱ्या मामीच जणू! फक्त नाव तेच, यादी तीच आणि आतला स्वभाव बदललेला असला, तर मामींनाही पत्ता लागत नाही.

अपेंडच्या जागी कॉन्कॅट बसवला. बिलं रात्री अकराला निघाली. काकांनी सोसायटीलाच विलंबशुल्क लावण्याचा अर्ज दिला आहे.