अण्णांचा श्वास आणि मशीनचं टेंडर

मागच्या महिन्यात अण्णांचा हृदयाचा एमआरआय करायला माजलगावहून संभाजीनगरला नेलं होतं. आत बोगद्यात अण्णा, कानात हेडफोन आणि त्यातून सारखं, "सांस लो, छोडो, रोको." बारा-पंधरा सेकंद रोखायचा होता. अण्णांचा सहा-सातलाच सुटायचा. तासाभरानं कागद हातात आला. फोटो हलले, पेशंट अनकोऑपरेटिव्ह. पुन्हा या, पैसेही पुन्हा.

गेवराई येईपर्यंत अण्णा गप्प होते. मग म्हणाले, "माझंच चुकलं का रं?"

तीस वर्षं ऊसतोड केलेला माणूस. मलाच लाज वाटली.

मग वाचत बसलो. हृदय सतत हलणारं, त्यामुळं मशीन एका ठोक्यात थोडी, पुढच्या ठोक्यात थोडी माहिती गोळा करून चित्र जुळवतं. ठोक्याचा मेळ छातीला लावलेल्या ईसीजीवरून बसतो. पण श्वासाबरोबर हृदय वरखाली सरकतं, म्हणून श्वास रोखायला लावतात. आता गंमत बघा, ज्याचं हृदय कमजोर त्यालाच ही तपासणी लागते आणि त्यालाच श्वास रोखता येत नाही! ठोके अनियमित असले तर आणखी पंचाईत.

यावर उपाय जुना आहे. एकेका ठोक्यात झटपट अख्खं चित्र घ्यायचं, पेशंटला निवांत श्वास घेऊ द्यायचा, आणि मग संगणकानं ती चित्रं एकावर एक नीट बसवून सरासरी काढायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या पीटर केलमन यांच्या गटानं हार्ट अटॅकच्या व्रणासाठी ही पद्धत २००५ मध्येच मांडली होती.

आपल्याकडं मशीन आलं की फ्लेक्सवर काय छापतात? किती टेस्ला, किती कोटी. सरकारी रुग्णालयासाठी टेंडर काढताना श्वास न रोखता हृदयाचा स्कॅन होण्याची सोय त्यात लिहून घ्या, एवढंच आमदार-खासदारांना विचारायचंय. आणि सूचना मराठीत द्या की राव.

दुसऱ्यांदा जाण्याआधी मी चार ठिकाणी फोन केले. "श्वास न रोखता होतं का?" दोघांना प्रश्नच कळला नाही. चौथीकडं हो म्हणाले. अण्णा आत नेहमीसारखा श्वास घेत पडून राहिले. चित्रं स्वच्छ आली. खालच्या बाजूचा थोडा स्नायू मेलाय, बाकीचा जिवंत आहे. मंगळवारी डॉक्टरांनी बोलावलंय.