सध्या गिटार उघडी आहे

शनिवारी सकाळी आमच्या डायनिंग टेबलावर पोहे नसतात. तिथे सोल्डरिंग आयर्न असतं, वाटीत स्क्रू असतात आणि मधोमध पोट उघडून पडलेली माझी इलेक्ट्रिक गिटार असते.

‘‘आज जेवायचं कुठे?’’ बायको विचारते.

‘‘गॅलरीत,’’ मी म्हणतो. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी म्हणायचो.

मंडळी, हा एक आजार आहे. पहिल्या पगारातून मी बारा हजारांची, स्ट्रॅटोकास्टरसारखी दिसणारी गिटार घेतली. छान वाजत होती बिचारी. मग कुणीतरी म्हणालं, ट्यूनर बदल. बदलले. प्लॅस्टिकचा नट काढून हाडाचा बसवला. पॉट आणि कपॅसिटरसाठी लॅमिंग्टन रोडवर अर्धा दिवस घालवला. दोन वर्षांत गिटारच्या किमतीइतकेच पैसे पुन्हा तिच्यावर गेले. आमच्यातले दोघंजण भेटले की ‘काय वाजवतोस?’ असं कुणी विचारत नाही. ‘काय बसवलंस?’ हा पहिला प्रश्न!

थोडा दोष लिओ फेंडरचाही आहे. या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण 1954 मध्ये त्याच्या कंपनीने स्ट्रॅटोकास्टर आणली ती चार स्क्रूंनी मान जोडलेली. स्क्रू काढले की मान हातात, वरची प्लेट काढली की सगळं वायरिंग समोर. अशी वस्तू इंजिनीअरिंग केलेल्या मुलाच्या हाती दिल्यावर दुसरं काय होणार?

मग पाळी आली पिकअपची. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की वेढ्यांत वीज तयार होते आणि अ‍ॅम्पकडे जाते. पण हेच वेढे घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुणही पकडतात. त्यावर उपाय हमबकर. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन गुंडाळ्या अशा उलटसुलट जोडलेल्या असतात, की गुणगुण एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. स्ट्रॅटच्या अरुंद खाचेत मावणारा हमबकर मी ऑर्डर केला आणि जुने पिकअप काढून ठेवले.

त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजच्या बँडच्या ड्रमरचा फोन आला. ‘‘अरे, कॅनडाचं नक्की झालं. रविवारी जॅमरूम घेतलीय. फेस्टला वाजवलेलं ते गाणं, शेवटचं एकदा. येतोयस ना?’’

‘‘गिटार उघडी आहे रे,’’ मी म्हणालो.

‘‘दोन वर्षं तुझी गिटार उघडीच आहे!’’

कुरिअर आलं नाही. शनिवारी रात्री दोनपर्यंत बसून जुने पिकअप परत जोडले. रविवारी अ‍ॅम्पला लावली तर नुसती घरघर. घाईत अर्थिंगची वायर सुटली होती. शेवटी जॅमरूमच्या कोपऱ्यातली, स्टिकर चिकटवलेली गिटार उचलली. तारा गंजलेल्या, एक नॉब गायब. आवाज मात्र आला, चक्क बरा आला. सोलोच्या दुसऱ्याच ओळीत माझी बोटं अडकली.

त्याने काठ्या आपटून पुन्हा चार मोजले. पुन्हा तिथेच अडकलो. तिसऱ्यांदा कसंबसं पार पडलं. कुणी काही बोललं नाही. तो म्हणाला, ‘‘मजा आली.’’ पण मी त्याला दहा वर्षं ओळखतो. त्या आठवड्यात तो गेला.

घरी येऊन एडी व्हॅन हॅलेनच्या गिटारचे फोटो बघत बसलो. आम्हा लोकांचा तो देव, 2020 मध्ये गेला. सत्तरच्या दशकात त्याने 50 डॉलरची बॉडी आणि 80 डॉलरची मान घेतली आणि स्वतःच्या गिब्सनमधला हमबकर काढून त्यात बसवला. कारण त्याला गिब्सनचा जाडजूड आवाज हवा होता आणि स्ट्रॅटचा ट्रेमोलोही. आवाज वाढवला की पिकअप किंचाळायचा, म्हणून त्याने तो वितळलेल्या मेणात बुडवला. आणि ब्रायन मे? पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्या क्वीन बँडचा गायक, त्याच बँडचा हा गिटारिस्ट. 1963 मध्ये महागडी गिटार परवडत नव्हती, म्हणून वडिलांबरोबर त्याने घरीच बनवायला घेतली. मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड, ट्रेमोलोला मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा. आजही तो तीच वाजवतो.

या दोघांच्या कानात आधी आवाज होता, मग हातात स्क्रू ड्रायव्हर आला. माझं नेमकं उलट झालं होतं. माझ्या कानात काहीच नव्हतं. पिकअप बदलायला दोन तास लागतात आणि काम संपल्याचं समाधान मिळतं. त्या दुसऱ्या ओळीला दोन महिने लागतात आणि रोज आपण किती कच्चे आहोत ते कळतं. दमून ऑफिसातून आल्यावर माणूस काय निवडेल? मी दोन वर्षं स्क्रू ड्रायव्हर निवडला.

आता घरात एक नियम आहे. महिनाभर रोज अर्धा तास वाजवायचं आणि गिटारबद्दल जी तक्रार राहील ती कागदावर लिहायची. वर्षभरात एकच तक्रार टिकली. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने मान वाकते, तारा उचलल्यासारख्या होतात आणि बोटं दुखतात. त्यासाठी मानेतल्या ट्रस रॉडला अ‍ॅलन कीने पाव वेढा दिला. खर्च शून्य!

हमबकर मग यथावकाश आला. कपाटात डब्यातच आहे. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ती दुसरी ओळ ड्रमरला वाजवून दाखवली. त्याने तिकडे टेबलावर ठेका धरला. फोनवर दोघांचा मेळ बसत नाही, आवाज मागेपुढे होतो. तरी तीन वेळा वाजवलं.

‘‘हा डबा कधी उघडणार?’’ बायकोने परवा विचारलं.

म्हटलं, ‘‘गुणगुणीचा त्रास व्हायला लागला की.’’

पोहे टेबलावर होते.