मागच्या सीटवरून कोयना

दोन-तीन मित्रकुटुंबांनी आपापल्या मोटारी काढून, लहान मुलांना बरोबर घेऊन, वाटेत थांबत थांबत दूरच्या गावी जाणे हा प्रवासाचा प्रकार मराठी मध्यमवर्गात तसा अलीकडचाच आहे. त्याआधी मुलांचा प्रवास नात्यागोत्याने ठरत असे. मे महिन्यात आजोळ, जत्रेला कुलदैवत, कोणाच्या तरी लग्नासाठी रात्रभर एसटी, आणि सहल म्हणून काही असलीच तर ती शाळेची. मोटार दारात आली, पुणे-सातारा रस्ता रुंद झाला आणि एकाच सोसायटीत किंवा कचेरीत ओळख झालेली कुटुंबे सुट्टीपुरती नातेवाइकांची जागा घेऊ लागली, तेव्हा या प्रवासाला आजचे रूप आले. परदेशी स्थायिक झालेले मराठी लोक सात आसनांची गाडी भाड्याने घेऊन जे करतात, तेच इथे शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की घडते, आणि अशा गाड्यांतल्या काही कराडला महामार्ग सोडून पश्चिमेकडे, कोयनानगरच्या दिशेने वळतात. रेल्वेचा पर्याय इथे नाहीच. मुंबईहून कोल्हापूरला जाणारी कोयना एक्स्प्रेस कराडपर्यंत येते आणि तशीच दक्षिणेकडे निघून जाते. कराड-चिपळूण लोहमार्गाची चर्चा अनेक वर्षे चालू असली तरी रूळ काही पडलेले नाहीत, त्यामुळे जिचे नाव गाडीला दिले त्या नदीच्या धरणापर्यंत पोचायला रस्ताच उरतो.

सहलीसाठी हे ठिकाण निवडण्यात एक गंमत आहे, आणि अडचणही. कोयनानगरात जे खरोखर महत्त्वाचे आहे त्यातले फारच थोडे डोळ्यांना दिसते. वीजघरे डोंगराच्या पोटात आहेत, पाणी बोगद्यांतून जाते, गावे जलाशयाखाली आहेत आणि ज्या घटनेमुळे या गावाचे नाव जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांना ठाऊक झाले ती काही क्षणांत घडून गेली. किल्ला चढता येतो, समुद्रात पाय बुडवता येतात, पण कोयनेला आलेल्या पाच वर्षांच्या मुलाला दाखवायचे काय, हा प्रश्न पालकांपुढे उभा राहतो, आणि बहुतेक जण तो बागेतल्या घसरगुंडीवर सोडवून मोकळे होतात.

वास्तविक प्रश्नाचे उत्तर वाटेतच मिळू लागते. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोरून येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळून एकत्र पुढे जातात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावलेल्या या दोन नद्यांची अशी भेट वाळूत काठीने रेघा ओढून लहान मुलालाही समजावता येते. कराडहून पाटणकडे निघाले की रस्ता कोयनेच्या खोऱ्यातून, तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेने चढत जातो. नदी कधी उजवीकडे दिसते, कधी उसामागे लपते, आणि आपण तिच्या उगमाकडे चाललो आहोत, ती आपण सोडून आलेल्या गावाकडे चालली आहे, एवढे मुलाच्या ध्यानात आले तरी भूगोलाचा एक धडा पुस्तकाशिवाय शिकून होतो. पुढे हेळवाकपाशी नदीच वळते. महाबळेश्वरपासून सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहत आलेली कोयना इथे एकाएकी पूर्वेचा रस्ता धरते, आणि या वळणाच्या वरच्या अंगाला धरण आहे. पाटणला चहासाठी थांबून पुन्हा निघालेल्या गाडीतून मागच्या सीटवरच्या मुलाला हे वळण दिसेलच असे नाही, कारण त्या वयात खिडकीची खालची कडा हनुवटीपर्यंत येते आणि जगाचा वरचा अर्धाच भाग वाट्याला येतो: डोंगरमाथे, विजेचे मनोरे, आणि पाटणच्या वरच्या पठारांवर संथ फिरणाऱ्या पवनचक्क्या.

मित्रकुटुंबांची सोबत नेमकी इथे उपयोगी पडते. एकट्या कुटुंबाच्या गाडीत आई-वडिलांचे जेवढे ज्ञान तेवढाच मुलाचा प्रवास. गटात मात्र एखादा काका विद्युत अभियंता असतो, एखाद्या मावशीचे माहेर पाटण तालुक्यातले असते, आणि मूल आपल्या गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसले की त्याला दुसरीच कोयना ऐकायला मिळते. शिवाय इतर घरांतली माणसे मुलांशी कशी बोलतात, रागावली तर किती रागावतात, डबा उघडल्यावर आधी कोणाला वाढतात, हेही त्याला दिसते. नातेवाइकांच्या घरी या गोष्टी साधारण सारख्याच असतात. निवडलेल्या सोबत्यांत त्या वेगवेगळ्या असतात. आपल्या घरची रीत ही अनेकांतली एक आहे हा शोध मुलाला शाळेत लागतोच, परंतु तिथे तो वर्गमित्रांच्या बोलण्यातून लागतो, इथे दोन दिवस एका छताखाली राहून. अशा सहलींतून मोठ्या माणसांची मैत्री वाढते असे म्हटले जाते. ती पुष्कळदा मुलांच्या झोपेच्या वेळांवरून कमीही होते.

कोयनानगरात पोचल्यावर नेहरू स्मृती उद्यानातून समोर धरणाची भिंत दिसते. सुरक्षेच्या कारणामुळे भिंतीवर सर्वांना सोडत नाहीत, म्हणून बहुतेक मुलांच्या आठवणीत कोयना धरण म्हणजे लांबवर दिसलेली एक करडी पट्टी असते. ही पट्टी १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरांहून अधिक लांब आहे, १९६४ साली ती पुरी झाली, आणि तिच्या मागच्या शिवसागर जलाशयात १०५.२५ टीएमसी पाणी मावते. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, साधारण २,८३० कोटी लिटर. पावसाळ्यात कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन ठिकाणचा पाऊस आणि शिवसागरातला साठा यांचे आकडे वर्तमानपत्रे रोज छापतात, आणि सातारा-सांगलीतली मोठी माणसे ते आकडे बाजारभाव वाचावेत तसे वाचतात, कारण धरणाचे दरवाजे किती फूट उचलले यावर कराडपासून सांगलीपर्यंतच्या नदीकाठची झोप अवलंबून असते. बागेत उभे राहून मुलाला टीएमसी सांगण्यात अर्थ नसतो. तरीही सांगलीच्या मुलाला एवढे सांगता येते की त्याच्या गावातला पूर इथल्या दरवाजांशी जोडलेला आहे, आणि ते त्याला लगेच कळते, कारण पूर त्याने पाहिलेला असतो.

याहून रंजक गोष्ट पाण्याच्या दोन वाटांची आहे. धरणाखाली सोडलेले पाणी पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागराकडे जाते. नवज्याजवळ उचललेले पाणी मात्र बोगद्यात शिरून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे जाते, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते, पोफळीच्या भूमिगत वीजघरातली चाके फिरवते, पुढे कोळकेवाडीला पुन्हा अडवले जाते, पुन्हा वीज करते आणि वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळते. एका तळ्याचे पाणी दोन समुद्रांना! साऱ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. चौथ्या टप्प्यासाठी जलाशयाच्या तळाला भोक पाडावे लागले तेव्हा जलाशय रिकामा करणे शक्य नव्हते. म्हणून खालून वर बोगदा खणत तळाच्या अगदी जवळ जायचे आणि मध्ये उरलेला खडक स्फोटाने उडवून पाणी आत घ्यायचे, असे नॉर्वेत रुळलेले तंत्र १९९९ साली इथे वापरले गेले आणि २०१२ मध्ये पुन्हा. याला लेक टॅपिंग म्हणतात. लहान मुलांना मोठमोठ्या आकड्यांपेक्षा तळ्याला खालून भोक पाडण्याची ही कल्पना फार आवडते, आणि ती ऐकताना त्यांना पडणारा प्रश्न, स्फोट करणारी माणसे त्या वेळी उभी कुठे होती हा, मोठ्यांना सहसा सुचत नाही.

भूकंपाची गोष्ट इतकी सोपी नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा धक्का बसला, सुमारे १८० माणसे गेली, दोन हजारांवर जखमी झाली, घरे कोसळली आणि धरणाच्या भिंतीलाही तडे गेले. भिंत नंतर बळकट करण्यात आली. जलाशय भरू लागला तेव्हापासूनच या भागात धक्के जाणवू लागले होते. अशा भूकंपांना जलाशय-प्रेरित भूकंप म्हणतात. पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब यांमुळे जमिनीत आधीच साठलेला ताण मोकळा होण्याला निमित्त मिळते, असा त्याचा अर्थ; पाणी भूकंप निर्माण करत नाही, ते त्याला वाट करून देते. झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरचे करिबा, ग्रीसमधले क्रेमास्टा आणि चीनमधले शिनफेंगजियांग हीही याच मालिकेतली नावे, पण कोयनेचा धक्का त्यांत सर्वांत मोठा मानला जातो. इथे आजही लहानमोठे धक्के जाणवतात, म्हणूनच कराडजवळ खोल छिद्रांतून भूगर्भाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. मुक्कामाच्या रात्री हे मुलांना सांगावे की नाही याविषयी पालकांत दोन तट पडतात. न सांगणाऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे. परंतु इथल्या शाळांतली मुले त्याच जमिनीवर रोज झोपतात, आणि धक्का बसला तर टेबलाखाली शिरायचे की मोकळ्यावर पळायचे हे त्यांना माहीत असते. पाहुण्यांच्या मुलांना तेवढे तरी सांगून ठेवणे भिववणे ठरत नाही.

याच रस्त्याने आणखी एका प्रकारची कुटुंबे येतात, आणि त्यांना सहलीला आलेली म्हणणे अवघड आहे. धरणासाठी उठलेल्या गावांतली माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत विखुरली. कित्येकांचे पुनर्वसन अर्धे राहिले, आणि डॉ. भारत पाटणकर यांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली झालेली आंदोलने धरणाला पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही थांबलेली नव्हती. उठलेल्या माणसांची नातवंडे गाडी घेऊन येतात तेव्हा आजोबा पाण्याकडे बोट करून घर, देऊळ, शेत अशी ठिकाणे सांगतात आणि मुले निव्वळ पाणीच पाहतात. त्यांच्या शेजारी, कठड्याला टेकून, पुण्याचा गट सामूहिक छायाचित्र काढत असतो. यात कोणाचीच चूक नाही, पण विजेचा उजेड घेऊन वाढलेल्यांनी आपल्या मुलांना बोटाच्या त्या दिशेला काय होते एवढे विचारायला सांगावे, ही अपेक्षा जास्त नाही.

अमेरिकेतून सुट्टीत आलेले एखादे मराठी मूल या गटात असले तर तुलना अटळ ठरते. लॉस एंजेलिसहून लास व्हेगसमार्गे ग्रँड कॅनियनला मोटारीने जाणारी कुटुंबे वाटेत हूवर धरणावर थांबतात. तिथे तिकीट काढून उद्वाहकाने वीजघरापर्यंत उतरता येते, धरणावरून चालता येते, आणि त्या जलाशयाखाली गेलेले सेंट थॉमस हे गाव पाणी आटल्यामुळे आता पायी फिरून पाहता येते. पोफळीच्या वीजघरात पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नाही. सुरक्षेचे कारण खोटे नाही, तरीही महाराष्ट्राला इतकी वीज पुरवणाऱ्या जागेची, प्रतिकृती आणि चित्रफितींसह, मुलांना उमजेल अशी ओळख करून देणे अवघड असू नये. दुसरी तुलना गाडीच्या आतली आहे. परदेशात वाढलेले मूल आपल्या खास आसनात पट्टा बांधूनच बसते. इथे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा असे आसन नसेल तर दंडाची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे, पण मूल अजूनही आईच्या मांडीवर असते आणि घाटात मांडी म्हणजे संरक्षण नव्हे.

घाट पुढेच आहे. कोयनानगरहून चिपळूणकडे निघालेली गाडी कुंभार्ली घाट उतरते तेव्हा कानांत दडे बसतात आणि ‘गाडी लागते’, म्हणजे अंतर्कर्ण शरीर हलत असल्याची वर्दी देतो, मोबाइलवर खिळलेले डोळे ते स्थिर असल्याची, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन ते बारा या वयातल्या मुलांना तिचा त्रास अधिक. आलेपाक, लिंबू, समोरच्या रस्त्याकडे नजर, एवढे उपाय. साताऱ्यात घेतलेले कंदी पेढे या वेळी न काढणे हा त्यांतला सर्वांत खात्रीचा. ज्या उतारावर मुले हैराण होतात जवळपास तेवढाच उतार डोंगराच्या आतून कोयनेचे पाणी उतरत असते आणि घाटाच्या पायथ्याला पोफळी येते. गटातल्या सगळ्यांना तिथवर यायचे नसते. सांगलीच्या कुटुंबाला कराडमार्गे घरी परतायचे असते, पुण्याच्या दोघांना गुहागरचा समुद्र गाठायचा असतो, म्हणून हेळवाकला गाड्या बाजूला घेतल्या जातात, डबे आणि चार्जर ज्याचे त्याला दिले जातात, आणि कोण कोणाच्या गाडीत बसणार यावरून मुलांचे जे भांडण सुरू होते ते मिटेपर्यंत अर्धा तास जातो.