केमोचे एकवीस दिवस

मैत्रिणींनो, स्तनाचा कर्करोग आणि त्यावरची 'केमो' याविषयी आपण बायका कुजबुजतो फार, पण मोकळेपणी बोलत नाही. माझ्यावर ही पाळी आली तेव्हा शेजारणींनी उपासतापास पुष्कळ सांगितले. पण तोंड आल्यावर काय खायचं, हे कुणी सांगेना. म्हणून हा लेखनप्रपंच!

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळं, तोंडातलं नि आतड्यांचं अस्तर आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. म्हणून त्रास होतो तो नेमका याच ठिकाणी. हे समजलं आणि माझी निम्मी भीती पळाली.

माझी केमो दर २१ दिवसांनी असे. पहिलं औषध लालभडक, अॅड्रियामायसिन नावाचं. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते; रक्त समजून घाबरू नका बरं! पहिले चार-पाच दिवस मळमळीचे. ओकारी व्हायची वाट न बघता गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच घ्यावी. मला फोडणीचा वास सहन होईना, तेव्हा ह्यांनी चहापासून सुरुवात करून वरणभातापर्यंत मजल मारली! मी दर दोन तासांनी थोडं थोडं खाई. मऊ खिचडी, इडली, उकडलेला बटाटा. गरम अन्नापेक्षा निवलेलं बरं, त्याला वास कमी येतो. तोंडाला लोखंडासारखी चव येते, तेव्हा लाकडी चमचा वापरावा. तोंड आलं की संत्री बंद आणि तर्री-पोहेही बंद. नागपूरकरणीला ही शिक्षा काय थोडी? ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा नि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या केल्या की आराम पडतो.

सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. या दिवसांत कच्ची कोशिंबीर, गाडीवरचा उसाचा रस, गर्दीचं हळदीकुंकू हे सारं टाळावं. घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ अंश फॅरनहाइट झाला की त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं. दहाव्या रात्री मला १०१ ताप भरला. नणंदबाई मायेनं म्हणाल्या, "तापाची गोळी घे अन् झोप, सकाळी बघू." मी म्हटलं, "नाही ताई, ही थांबायची वेळ नाही." रात्री एकला रिक्षा काढली. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "सकाळपर्यंत थांबला असता, तर जिवावर बेतलं असतं."

सतराव्या दिवशी केसांचे पुंजके हातात येऊ लागले. मी सरळ डोकं भादरून घेतलं. सासूबाई मात्र माझ्याकडे बघेनात. लहानपणी त्यांनी आलवणातली आजी पाहिलेली! शेवटी रडून म्हणाल्या, "सवाष्णीचं असं डोकं बघवत नाही गं." मी म्हटलं, "आई, मी जगावं म्हणून गेलेत ते केस. परत येतील." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची जुनी, मऊ सुती साडी फाडून चार रुमाल शिवले आणि स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला एक बांधला. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात त्या रुमालांनी विगपेक्षा जास्त सुख दिलं.

अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी जीव थोडा थाऱ्यावर येई. तेवढ्यात मी शाळेच्या वह्या तपासून घेई. मग पुन्हा पहिला दिवस! केमो संपल्यावर दोन-तीन महिन्यांत डोक्यावर बारीक लव आली, आधी करडी, मग काळी.

एक शेवटचं. गाठ दुखत नाही म्हणून आपण लपवतो, मुलांच्या परीक्षा होऊ द्या म्हणतो. पण अशी गाठ बहुधा दुखतच नाही! नागपुरातच राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोही बसते. रेशनकार्ड घेऊन चौकशी करावी. घरच्या सगळ्यांची दुखणी आपण वेळेवर दाखवतो ना? मग आपलीही दाखवू या.