बार्बेक्यूचा कोळसा

झांबियात, लुसाकाच्या प्रोजेक्टवर असताना एका रविवारी मिओम्बोच्या विरळ जंगलात गेलो. गाइड कुजबुजला, ‘‘खोडाकडे बघा!’’ सालीचाच एक तुकडा वर सरकत होता. ठिपकेवाला क्रीपर! चिमणीएवढा जीव, पण बाकदार चोच भेगांत खुपसत, किडे-कोळी टिपत वर चढायचा. मग शेजारच्या झाडाच्या बुंध्याशी उतरून पुन्हा सुरुवात. (आमच्या टाइमशीटसारखंच!) याचा भाऊबंद आपल्या भारतातही आहे, पूर्वी दोघांची जात एकच मानायचे. परदेशात घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

परतताना रस्त्याकडेला कोळशाची पोती रांगेत उभी. मिओम्बोचीच झाडं तोडून केलेला. आमच्या शनिवारच्या बार्बेक्यूसाठी मीच तर न्यायचो! ड्रायव्हरने सवयीने गाडी स्लो केली. ‘‘घ्यायचं ना, सर?’’

‘नको’ म्हणायला मला जरा वेळच लागला.